जांभळा डिसेंबर

प्रश्न : गेल्या डिसेंबरात वसईला मैत्रिणीकडे गेले होते. रविवारी तिच्याबरोबर चर्चमध्येही गेले. वाटलं होतं, नाताळची धामधूम दिसेल. पण फादरांचा पोशाख जांभळा, फुलं बेताची आणि प्रवचनात 'भग्न हृदय' नि 'कृपा' हे शब्द पुन्हा पुन्हा. सणाच्या तोंडावर असं सुतकी वातावरण कशाला? आणि मोडण्याचा कृपेशी संबंध काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सुतक नव्हे, ते वाट पाहणं. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा हा आगमनकाळ. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा जो रविवार, त्या दिवशी तो सुरू होतो. जांभळा हा पश्चात्तापाचा रंग, म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळातही तोच दिसतो. 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत आगमनकाळातल्या रविवारी म्हणत नाहीत. नाताळच्या रात्री ते पुन्हा कानी पडतं, तेव्हा त्याची गोडी वेगळी लागते.

तुमचा दुसरा प्रश्न अवघड. आपण लग्नपत्रिकेवर 'श्रीकृपेकरून' छापतो. म्हणजे सगळं जुळून आलं की कृपा. आगमनकाळातली कृपा मात्र काहीच जुळत नाही तिथे शोधायची असते. यशया संदेष्ट्याचं जे वाचन या दिवसांत होतं, त्यात दावीद राजाच्या वडिलांचा, इशायाचा वंश म्हणजे तोडलेलं झाड आणि कोंब फुटतो तो उरलेल्या बुंध्याला.

हे मला पुस्तकातून कळलं नसतं, आल्फ्रेड डेल्प यांच्यामुळे कळलं. हे जर्मन येशूसंघीय धर्मगुरू. हिटलरनंतरचा जर्मनी कसा असावा याचा विचार करणाऱ्या क्रायसाऊ गटात ते होते. जुलै १९४४ मध्ये म्युनिकला त्यांना पकडलं आणि पुढे बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवलं. तिथे बेड्या घातलेल्या हातांनी त्यांनी आगमनकाळावर चिंतनं लिहिली. ते कागद धुण्याच्या कपड्यांतून बाहेर गेले. येशूसंघातल्या ज्या शेवटच्या व्रतांसाठी ते कित्येक महिने थांबले होते, ती त्यांनी ८ डिसेंबरला तुरुंगातच घेतली. आगमनकाळ म्हणजे माणसाने मुळापासून हादरण्याचा काळ, हा त्यांच्या लिखाणाचा गाभा. आपलं सगळं आपल्या हातात आहे, ही समजूत गळून पडल्याखेरीज माणूस कुणाची वाट पाहतच नाही.

त्याच तुरुंगात वर्षभर आधी डीट्रिख बॉनहोफर हे प्रोटेस्टंट पाळक कैदेत होते. नोव्हेंबर १९४३ मधल्या एका पत्रात त्यांनी कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली. आत माणूस आशा धरतो, काहीबाही करत राहतो, पण दार उघडणार ते बाहेरूनच. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दारात आहे. मोडणं ही काही पात्रता नव्हे, तिच्या बदल्यात कृपा मिळत नाही. मोडल्यावर एवढंच होतं की कडी आतून काढता येईल हा भ्रम सुटतो.

दुःख माणसाला घडवतं, म्हणून दुःख चांगलंच, अशी प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. मला ती पटत नाहीत. डेल्प यांनाही बेड्या नकोच होत्या, सुटका हवी होती. ती झाली नाही. ११ जानेवारी १९४५ ला शिक्षा सुनावली गेली आणि २ फेब्रुवारीला, वयाच्या ३७व्या वर्षी, त्यांना फाशी दिली.

जाता जाता, चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं हिरवं कडंही तुम्ही पाहिलं असेल. त्याची सुरुवात सहसा १८३९ सालच्या हॅम्बुर्गमधली सांगतात. योहान हिन्रिख विखर्न तिथे हालअपेष्टांत वाढलेल्या मुलांसाठी आश्रम चालवत. मुलं सारखी विचारत, नाताळ कधी? विखर्न यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रोजच्या २० लहान आणि रविवारच्या ४ मोठ्या मेणबत्त्या लावल्या. त्या आश्रमातल्या मुलांना प्रवचनापेक्षा हे चाक लवकर कळलं असणार.

यंदा पुन्हा वसईला जाणार असाल तर आगमनकाळाचा तिसरा रविवार गाठा. त्या एका दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी पोशाख चालतो. तो का, हे मात्र मैत्रिणीला विचारा.