हिरव्या चहाची गुळणी

दात किडला की काढून टाकायचा, एवढेच दंतारोग्य आपल्या बहुतेक घरांतून पाळले जाते. तो किडतो कसा, हे प्रथम पाहू. तोंडातील स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते आम्ल दाताचे कठीण आवरण झिजवते.

हिरव्या चहाची पाने खुडल्यावर लवकरच वाफवतात किंवा भाजतात. म्हणून त्यांतील कॅटेचिन ही तुरट द्रव्ये टिकून राहतात. ही द्रव्ये जिवाणूंची वाढ रोखतात, त्यांना दाताला चिकटू देत नाहीत. काळ्या चहात ती बरीचशी बदलून जातात. आणि आपल्या दूधसाखरेच्या चहाने तर जिवाणूंचीच सोय होते! (हाच चहा जपानात रुजवण्याचे श्रेय एइसाइ या बौद्ध भिक्खूंना दिले जाते. १२११ साली त्यांनी चहा व आरोग्य यांवर ग्रंथ लिहिला.)

चमचाभर पाने कपभर गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून पाणी गाळावे. निवल्यावर, साखर न घालता, अर्धा-एक मिनिट गुळणी करावी. महागड्या बाटलीपेक्षा विद्यार्थ्यांना हे परवडेल, असे आम्हास वाटते. मात्र दातांवरील चिकट थर गुळणीने निघत नाही, त्याला ब्रशच हवा. मिश्री लावणाऱ्या आया-बहिणींना आम्ही स्पष्टच सांगतो: मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, तिच्यावर चहाचा उतारा नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा तोंडातील पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर गुळण्या करीत न बसता दंतवैद्यांना दाखवावे.