जुन्या कपड्यांचा व्यापार

महाराष्ट्रातील शहरांत जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण सर्वांच्या परिचयाची आहे. गुजरातमध्ये आणि दिल्लीतही हा व्यवसाय परंपरेने चालत आला असून तो मुख्यतः देवीपूजक समाजाच्या स्त्रियांच्या हाती आहे. या समाजाला पूर्वी वाघरी म्हणत. परंतु ते नाव हेटाळणीने घेतले जाई, म्हणून नवे नाव रूढ झाले.

घरकाम आटोपून गृहिणी जराशी निवांत झालेली असते, अशा वेळी बोहारीण दाराशी येते. टोपलीत स्टीलची पातेली, डबे, वाडगे असतात. त्यानंतर जी घासाघीस होते ती वरवर पाहता भांड्यांविषयी असते. वस्तुतः किंमत कपड्याची ठरत असते. बोहारीण शर्ट उजेडासमोर धरून पाहते. कॉलर विरली आहे काय, काखेतील शिवण उसवली आहे काय, विजारीचे गुडघे व बैठक किती झिजली आहे, हे तिला क्षणार्धात कळते. पुरुषांच्या शर्टविजारींना ती अधिक भाव देते, कारण मजुरी करणारा माणूस त्या विकत घेतो. साडी मात्र ती काठ व पदर यांवरून जोखते. जर खरी असेल तर ती जाळून तिच्यातील चांदी वेगळी काढता येते. गृहिणीला भांडे फुकट मिळाल्याचे समाधान असते, आणि बोहारणीलाही तिचा तो समज मोडण्याचे कारण नसते.

यापुढील काम घरी होते आणि त्यात सारे कुटुंब राबते. कपडे धुणे, रफू करणे, बटणे लावणे, विटलेल्यांना रंग देणे, इस्त्री करणे ही कामे झाल्यावरच कपडा ‘माल’ या संज्ञेस पात्र होतो. मग वर्गवारी. घालण्याजोगा कपडा बाजारात जातो. अहमदाबादेत साबरमतीच्या काठी एलिस पुलाजवळ दर रविवारी भरणारा गुजरी बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. दिल्लीत रघुबीरनगरचा बाजार पहाटेच सुरू होतो. रेशमी साड्यांपासून उशांचे अभ्रे आणि ठिगळकामाच्या वस्तू बनवून त्या पर्यटकांना विकल्या जातात. फाटका सुती कपडा यंत्रे पुसण्यासाठी कारखान्यांत जातो. लोकरीच्या चिंध्यांची वाट पानिपतला जाते. तेथे रंगांनुसार चिंध्या वेगळ्या करून पिंजतात, त्यामुळे सुताला पुन्हा रंग देण्याची फारशी गरज राहत नाही. त्या सुताची स्वस्त घोंगडी आपद्‌ग्रस्तांना वाटली जातात. मूळ स्वेटर विणणाऱ्या हातांना त्याची कल्पनाही नसते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, 100 रुपयांच्या पातेल्याच्या बदल्यात सहा कपडे मिळाले. त्यांपैकी चार प्रत्येकी 40 रुपयांना विकले गेले आणि दोन चिंध्यांच्या भावाने गेले, तर भांड्याची किंमत वजा जाता 60 रुपयांहून थोडे अधिक उरतात. त्यातून साबण, कोळसा, दोरा आणि प्रवास यांचा खर्च निघावयाचा असतो. घरच्यांच्या श्रमाचे मोल तर कोणी धरतच नाही. तरीही हा धंदा चालू शकेल. तो बुडतो तो भांडवलापायी. भांडी आणावयाची तर पैसा हवा, आणि तो सावकाराकडून येतो. सकाळी 50 रुपये घेऊन संध्याकाळी 55 परत करावयाचे, म्हणजे दिवसाला शेकडा 10 व्याज! बँकेची पायरी चढावी तर तारण नाही, सही करता येत नाही आणि धंद्याचा कागदही नाही.

अहमदाबादेत या स्त्रियांचा प्रश्न 1971 मध्ये पुढे आला. मजूर महाजन या कामगार संघटनेच्या महिला शाखेचे काम पाहणाऱ्या इला भट्ट यांच्याकडे डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या स्त्रिया गाऱ्हाणी घेऊन आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ जुने कपडे विकणाऱ्याही आल्या. सार्वजनिक बागेत सभा झाली. तीत शंभराहून अधिक स्त्रिया होत्या. त्यातून ‘सेवा’ ही संघटना उभी राहिली आणि एप्रिल 1972 मध्ये तिची नोंदणी झाली. या स्त्रियांना मालक नसल्यामुळे त्यांना कामगार मानावे कसे, हा नोंदणीच्या वेळचा आक्षेप होता. पुढे 1974 मध्ये सुमारे 4,000 सभासदांनी प्रत्येकी 10 रुपये भाग भांडवल घालून स्वतःची सहकारी बँक स्थापन केली. निरक्षर खातेदारांसाठी पासबुकावर छायाचित्र लावण्याची सोय केल्याने सहीची अडचण दूर झाली. खाते स्त्रीच्या नावे असल्याने तिची कमाई तिच्या ताब्यात राहण्याची शक्यताही वाढली.

मालाचे स्वरूप मात्र पालटत गेले. कृत्रिम धाग्याचे स्वस्त तयार कपडे वाढले, तसा नवा आणि जुना यांच्या किमतींतील फरक कमी झाला. ज्याला नवा शर्ट परवडतो तो जुन्यासाठी घासाघीस करीत नाही. शिवाय पॉलिएस्टर सुताप्रमाणे तेल शोषून घेत नाही, म्हणून फाटल्यावर ते यंत्रे पुसण्याच्याही कामी येत नाही. टोपलीत आलेला असा कपडा बोहारीण बोटांनी चुरगाळून पाहते आणि बहुधा परत करते.