अधांतरी आवळलेले बोल्ट

ज्या दुकानदाराने माझ्या हातातील फाटका बुश उलटसुलट न्याहाळून, "साहेब, माल उत्तम आहे, हात कच्चा आहे," असा निकाल चार गिऱ्हाइकांदेखत दिला, त्याच्याविषयी माझ्या मनात आता अढी उरलेली नाही असे म्हणणे सभ्यपणाचे ठरेल. परंतु ते खरे ठरणार नाही.

माझी १९९९ सालची मारुती ८०० गेल्या पावसाळ्यात मागून खडखडू लागली आणि खड्ड्यातून निघताना तिचे बूड एका अंगाला सरकू लागले, तेव्हा ट्रेलिंग आर्मचे बुश गेले हे सांगायला कोणी पंडित नको होता. गॅरेजच्या मिस्त्रीने सांगितलेली मजुरी ऐकून हे काम सोसायटीच्या आवारात स्वहस्ते करण्याचा संकल्प मी केला, आणि नाना पेठेत याच दुकानदाराकडून बुश घेताना "बसवताना काही विशेष?" असे स्पष्ट विचारले. "ठोकायचे, कसायचे, संपले," हे त्याचे उत्तर मला अक्षरशः स्मरते. हात कच्चा असेल, स्मृती पक्की आहे.

तीन महिन्यांत खडखड परत आली. गाडीखाली उताणा पडून टॉर्चच्या उजेडात पाहतो, तो नवे रबर पिळलेल्या ओल्या धोतरासारखे तिरके चिरलेले! तक्रार घेऊन गेलो, तेव्हा त्याने हसत विचारले, "गाडी टांगून कसले ना?" आणि त्या एका प्रश्नासरशी सारा उलगडा झाला: मी बोल्ट आवळले तेव्हा चाके अधांतरी होती, अ‍ॅक्सल खाली लोंबत होता, बोल्ट आवळताच बुशची आतली नळी त्याच स्थितीत जखडली गेली, आणि गाडी खाली उतरून आर्म वर फिरताच तो सगळा पीळ रबराच्या माथी आला, तो गाडी उभी असतानाही सुटेना. म्हणजे हे मर्म त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

तेव्हा इतरांनी एवढे ध्यानात ठेवावे. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो आणि तीच आपण उचलतो, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. एका वेळी एकच आर्म सोडावा, अन्यथा अ‍ॅक्सल जागचा हलतो आणि बोल्टची भोके जुळवताना ब्रह्मांड आठवते. गंजलेला बोल्ट आतल्या नळीशी एकजीव झालेला असतो. माझा तर दोन रात्री तेल पाजूनही सुटला नाही, अखेर हॅक्सॉने कापला. जुना बुश हातोड्याने ठोकत बसण्यापेक्षा आर्म लेथवाल्याकडे नेऊन प्रेसवर काढावा. नवा बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर द्यावा आणि रबराला तेल-ग्रीस न लावता साबणाचे पाणी लावावे. बोल्ट प्रथम नुसते हाताने अडकवावेत. अ‍ॅक्सलखाली घोड्या देऊन गाडीचा पुरता भार त्यावर आल्यावरच अखेरचे आवळावेत. बाकी, घाई करू नये वगैरे उपदेश सर्वांना ठाऊक असतातच.

दुसरा जोड मी हट्टाने त्याच दुकानातून घेतला. आणि पैसे मोजताना, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, भार चाकांवर आल्याशिवाय हे कसू नयेत, असे त्याला सांगितले. त्याने निमूटपणे सुटे पैसे परत केले.