संगणक येणे आणि माहिती शोधता येणे

(द्वितीय वर्ष, कला)

‘संगणक येतो का?’ असे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारले तर बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. एम.एस.-सी.आय.टी.चे प्रमाणपत्रही पुष्कळांजवळ असते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ साली सुरू केलेला हा अभ्यासक्रम खेडोपाडी पोहोचला, ही मोठीच गोष्ट होय. परंतु संगणक चालविणे ही एक विद्या आणि त्यावरून हवी ती माहिती शोधून, पारखून वापरणे ही दुसरी. या दुसरीला पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘माहिती साक्षरता’ असे नाव दिले. पहिली क्लासात मिळते. दुसरी कशी मिळवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खरे तर संगणक हा मागाचा दूरचा नातलगच आहे. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारा माग जोसेफ जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केला. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी तीच कल्पना उचलली. पत्ते जसे लावावेत तशी नक्षी उमटते. माहितीच्या शोधाचेही तसेच आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, ‘भिवंडीतील यंत्रमाग व्यवसाय’ या विषयावर प्रकल्प लिहावयाचा आहे. शोधाच्या चौकटीत नुसते ‘भिवंडी’ लिहिले तर हवामान, गाळ्यांच्या जाहिराती, अपघाताच्या बातम्या असा सगळा बाजार समोर येतो. ‘भिवंडी यंत्रमाग’ लिहिले की गर्दी कमी होते. मग ‘पॉवरलूम’ हा शब्द घालून पुन्हा शोधावे, कारण दोन्ही शब्द रूढ आहेत. दोनतीन शब्द सलग हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत लिहावेत. मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच शिकावे. जुन्या फाँटमधील मजकूर डोळ्यांना मराठी दिसला तरी शोधयंत्राला तो मराठी म्हणून कळत नाही.

आता समोर मागांच्या संख्येचे निरनिराळे आकडे येतील. कोणता घ्यावा? येथे तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कशाच्या आधारे लिहिले? माग वाढतात, बंद पडतात, भंगारातही जातात. म्हणून ज्या आकड्याजवळ साल नाही तो प्रकल्पात घेऊ नये. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात कोणीही बदल करू शकतो. तेथून शोधाला सुरुवात करावी, शेवट करू नये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर वाचता येतो. तो अधिक भरवशाचा. मात्र त्यातील आकडे त्या त्या खंडाच्या काळचे असतात, हे ध्यानात ठेवावे. आणि जेथून घेतले त्याचे नाव लिहावे. उतरवून काढणे म्हणजे अभ्यास नव्हे.

ही पारख केवळ गुणांसाठी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. त्या दिवसांत असे संदेश मोबाईलवरून पसरत होते. ‘हे कोणी लिहिले?’ एवढा एक प्रश्न वेळीच विचारला जाता, तर ती घरे उघडी पडली नसती. आपल्या भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली सोसल्या आहेत. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२-९३ साली शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. समोरासमोर बसून विचारपूस करता आली की अफवेला पाय फुटत नाहीत. ज्या गावाने हे अनुभवले, त्या गावच्या विद्यार्थ्याने संदेश पुढे ढकलण्यापूर्वी क्षणभर थांबलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्यासारख्या घरांतील मुले प्रवेशाचा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज दुकानात जाऊन भरून घेतात. ई-मेल दुकानदाराचा, पासवर्डही त्याच्याच वहीत! पुढे अर्जात त्रुटी निघाली तर ती कळवणारा निरोप भलत्याच ठिकाणी जातो आणि मुदत टळते. शिष्यवृत्ती गेली की एखाद्या मुलीचे शिक्षणच थांबते. म्हणून स्वतःचा ई-मेल उघडणे, पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही न देणे, अर्जाची प्रत जपून ठेवणे हे धडे सर्वांत आधी यावेत.

हे सारे शिकवावयास फार खर्च नको. पहिल्या महिन्यात ग्रंथालयात चार तास ठेवावेत : पहिला ई-मेल व अर्जाचा, दुसरा युनिकोडचा, तिसरा शोधाचा, चौथा पारखण्याचा. ग्रंथपालांनी मार्गदर्शन करावे व द्वितीय वर्षाच्या मुलामुलींनी शेजारी बसून हात धरून शिकवावे, मराठीत, हिंदीत, उर्दूतही. घरी संगणक नसलेल्यांना मोबाईलवरच सराव द्यावा. विद्यार्थिमित्रहो, या कामासाठी येत्या जूनमध्ये आपल्यापैकी दहा जण जरी पुढे आले, तरी नव्या तुकडीतील एकाही मुलाला आपला पासवर्ड दुकानदाराच्या वहीत ठेवावा लागणार नाही.