रामाची बोटं तीन, मग पट्टे पाच कसे?

प्रश्न : हिमायत बागेत फिरताना नातीला सेतू बांधायला हातभार लावणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने तीन बोटं फिरवल्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी तिने पट्टे मोजले आणि पाच भरले म्हणाली. ती चुकली का?
– एक आजोबा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नात बरोबर आहे. गोष्टही खोटी पडत नाही, फक्त ती दुसऱ्या खारीला लागू होते. तीन पट्ट्यांची खार मुख्यतः दक्षिणेकडची. पाच पट्ट्यांची उत्तरेकडची. कोरडी हवा आणि माणसाची सोबत दोन्ही तिला मानवतात. आपल्या दख्खनच्या पट्ट्यात दोघींच्या हद्दी एकमेकींत मिसळतात. सह्याद्रीच्या दाट झाडीत आणखी एक तीन पट्ट्यांची रानखार आहे, पण ती आपल्या अंगणात यायची नाही. (सेतूची ही गोष्ट वाल्मीकींच्या रामायणात नाही, लोकांनी ती नंतर जोडली. ‘खारीचा वाटा’ मात्र कायमचा आपला झाला.)

तीन पट्टेवालीला लिनियसने १७६६ मध्ये शास्त्रीय नाव दिलं. पाच पट्टेवालीला ते मिळायला १९०५ उजाडलं. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात नोकरी केलेल्या आर. सी. राउटन यांनी सुरतेकडच्या मांडवी तालुक्यातल्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. दोघींचं कुलनाव ‘फुनाम्ब्युलस’, म्हणजे दोरावरून चालणारा. डोंबारीच म्हणा ना! विजेच्या तारेवरून धावणारी खार पाहिली की हे नाव पटतं.

खार ही उंदराच्याच गोतातली. पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. दाताच्या फक्त पुढच्या बाजूला टणक थर असल्याने मागची बाजू आधी झिजते आणि धार पटाशीसारखी आपोआप लागत राहते. तुमच्या बागेतल्या सीताफळांचं काय होतं ते माळ्याला विचारा. सावरीच्या फुलातला मधही ती पिते. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून या पाच पट्टेवाल्या खारी बाहेर सोडल्या आणि तिथेही त्यांनी बस्तान बसवलं.

आता नातीला एक युक्ती सांगा. खार खोडावरून डोकं खाली करून उतरते, तेव्हा मागचे पंजे घोट्यात उलटे वळवून सालीत रोवते. त्या वेळी वरून न बघता बाजूने बघायचं. मधले तीन पट्टे ठळक असतात. बाहेरचे दोन फिकट, कुशीकडे कललेले असतात आणि मोजायचे राहतात ते हेच.