पांढरे वाघ आणि तडकलेला बॉयलर

आपल्या वाशिमहून समुद्र एवढा लांब, की एकबुर्जीचं धरण भरलं तरी आपल्याला तोच अरबी समुद्र वाटतो. तरीपण एका रात्री मेसमध्ये वाद पेटला. जहाजावरून विमान उडवायचं तर जहाज थांबलेलं बरं की पळतं? मी म्हणालो, थांबलेलं. मी हरलो. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठीच्या चुका पोटात घालाव्यात. ही चूक मात्र मेकॅनिक्सची होती!)

त्यानंतर मी आपल्या नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची माहिती वाचत बसलो. 'व्हाईट टायगर्स' म्हणजे पांढरे वाघ हे तिचं नाव. ७ जुलै १९६० रोजी इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, ब्रॉडी येथील तळावर तिची स्थापना झाली. विमान होते सी हॉक. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये आयएनएस विक्रांत नौदलात आली आणि १८ मे रोजी तिच्या डेकवर पहिले जेट उतरवले लेफ्टनंट ताहिलियानी यांनी. पुढे तेच नौदलप्रमुख झाले.

आता वादाचं उत्तर. विमानाला उचलते ती हवा, जमीन नाही. समजा विमानाला ११० नॉटचा वेग हवाय. जहाज २० नॉटने वाऱ्याच्या तोंडावर चाललंय आणि वारा १५ नॉटचा आहे. म्हणजे ३५ नॉट फुकटात मिळाले, वाफेच्या कॅटापल्टने फक्त ७५ द्यायचे. उतरतानाही तसंच. डेकच्या तुलनेत वेग ७५ च राहतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, त्यामुळे शेपटीचा हुक ज्या तारेत अडकतो तिला निम्म्याहून कमी ऊर्जा पचवावी लागते. अन् गंमत बघा, डेकला चाकं टेकताच पायलट इंजिन फुल्ल करतो! हुक हुकला तर परत उडता यायला पाहिजे ना.

खरी परीक्षा १९७१ ला झाली. विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला. जहाज पूर्ण वेग घेऊ शकत नव्हतं, म्हणजे ते फुकटचे नॉट कमी झाले. त्यात कॅटापल्टची वाफ पण याच बॉयलरांमधून येणार. १९६५ च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती, त्यामुळे या वेळी पुन्हा बंदरात राहणं खलाशांना सोसणारं नव्हतं. ॲडमिरल नंदा यांनी धोका पत्करून तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं. बॉयलर फुटला असता तर खालच्या इंजिनरूममधली माणसं वाचली नसती. पायलटची नावं सगळ्यांना माहीत असतात, पण त्या बॉयलरजवळ पाळी करणाऱ्यांचं कोण विचारतो? ४ डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले.

१९८३ च्या डिसेंबरात गोव्याच्या दाबोळी तळावर सी हॅरियर आले. यांच्या इंजिनाचे चार नोझल खाली वळतात, त्यामुळे विमान उभंच्या उभं उतरतं. कॅटापल्ट नको, तारा नको. डेकच्या टोकाला चढ केला की झालं. त्याला स्की-जंप म्हणतात. पण हे विमान उडवायला फार अवघड, कित्येक अपघात झाले, पायलटही गेले. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, नंतर विराटवरून हॅरियर उडत राहिले. ११ मे २०१६ रोजी दाबोळीला त्यांना निरोप देण्यात आला आणि पांढऱ्या वाघांकडे मिग-२९के आले. त्यांना उडायला स्की-जंप लागतो अन् उतरायला तार, म्हणजे तारा परत आल्या! २०२२ पासून नवी विक्रांत आहे, आणि २०२५ मध्ये २६ राफेल-एम विमानांचा करार झाला.

जुन्या विक्रांतचं पोलाद २०१४ नंतर भंगारात गेलं. त्यातलं थोडं बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलमध्ये वापरलं. आपल्या पार्किंगमध्ये एखादी दिसली तर टाकीला हात लावून बघा. इंडस्ट्रियल टूर गोव्याला गेलीच, तर बीचआधी दाबोळीजवळचं नौदल विमान संग्रहालय करा. तिथे सी हॉक उभं आहे. त्याच्या शेपटीखाली वाकून तो हुक नक्की बघा.