आरोपापूर्वी दप्तर पाहावे

ग्रामपंचायतीची निवडणूक विधानसभेच्या निवडणुकीहून लहान खरी, परंतु मतदाराची कसोटी पाहणारी अधिक. कारण तेथे ज्याच्याविरुद्ध मत द्यावयाचे, तो बांधाचा शेजारी किंवा भावकीतला चुलता असतो, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याच सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी धरावयाची असते. प्राथमिक शिक्षक या नात्याने मतदान केंद्रावर कामगिरी बजावताना व निवृत्तीनंतर गावीच वास्तव्य करताना मी जे पाहिले त्याचा निष्कर्ष असा की, उमेदवाराची न्याय्य पारख आणि वाणीचा संयम ही दोन्ही एकाच सवयीने साधतात. आरोप करण्यापूर्वी दप्तर पाहणे, ही ती सवय.

आमच्या गावी एका माजी सदस्याविषयी ऐन चिन्हवाटपाच्या सुमारास वदंता उठली की, नळपाणी योजनेचे पैसे त्याने खाल्ले. पारावर, गिरणीत, भजनाच्या मंडळींत ती फिरली आणि प्रत्येक मुखी रक्कम वाढत गेली. तो पडला. पुढे एका ग्रामसभेत मासिक सभेचे इतिवृत्त वाचले गेले, तेव्हा त्या योजनेच्या देयकाला लेखी विरोध नोंदविणारा सदस्य तोच एकटा होता, असे निघाले. परंतु तोवर दोन घरांची लग्नकार्यातील जा-ये बंद झाली होती, आणि ती अद्यापि सुरू झालेली नाही.

म्हणून जो पूर्वी सदस्य होता, त्याची हजेरी, त्याने मांडलेले ठराव आणि नोंदविलेले विरोध इतिवृत्तात पाहावेत. नकला सहजी न मिळाल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागाव्यात. घरपट्टीची थकबाकी किंवा सरकारी जागेवरील अतिक्रमण यांमुळे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये अपात्रता येऊ शकते. तशी शंका असल्यास तिची चर्चा पारावर न करता छाननीच्या वेळी उमेदवारामार्फत रीतसर हरकत घ्यावी. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्याने प्रश्न उमेदवार बाईंनाच विचारावेत. त्यांच्या यजमानांच्या उत्तरावरून त्यांची योग्यता ठरवू नये.

तंटा नको म्हणून निवडणूकच टाळावी, हा उपाय मात्र रोगाहून वाईट. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदासाठी बोली लागल्याचे उघडकीस आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने 2021 साली तेथील निवडणुका रद्द केल्या. पैशाने विकत घेतलेल्या एकमताला सलोखा म्हणता येत नाही. मतभेद उघड बोलून दाखविता येणे आणि तरीही परस्परांना अहो-जाहो म्हणत राहणे, हाच खरा सलोखा.

वाद चढू लागला म्हणजे मी समोरच्यास एवढेच विचारतो, "कोणता कागद पाहिल्यावर तुमचे मत बदलेल?" उत्तर मिळाले तर आम्ही दोघे मिळून ग्रामपंचायतीच्या कचेरीत जातो, न मिळाले तर वाद उमेदवाराविषयी नसून जुन्या वैराविषयी आहे, असे समजून मी तो विषय सोडतो. हाच प्रश्न प्रथम आपल्या भावकीतल्या उमेदवाराविषयी स्वतःस विचारावा. तेथे जो हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो, त्याला विरोधकाशी बोलताना आवाज चढविण्याचे कारण सहसा उरत नाही.